दहावा पेशंट

तिसरा किलोमीटर सरला तेव्हा समरीनच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला, आणि फाट्यापासून आत गाडी मिळणार नाही हे आपल्या डोक्यातच आलं नव्हतं, असं तिनं पहिल्यांदा कबूल केलं.

मला जे बोलायचं होतं ते दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात बोलून झालं होतं. पदराची पिन काढून तिच्या हातात दिली. ती कडेच्या दगडावर बसली, पिनेनं अंगठा जोडला, आणि उठता उठता उजव्या गालाला हात लावून पटकन खाली घेतला. मी पाहिलं नाही असं तिला वाटलं असावं.

कार्तिक संपत आला होता. सोयाबीन निघून रानं मोकळी झाली होती, तूर डोक्याएवढी उभी होती आणि कापसात बायका वेचणीला वाकलेल्या होत्या. त्यातली एक कंबर सरळ करून उभी राहिली आणि कुणाकडं निघालात म्हणून विचारलं. गंगूताईकडं, म्हटलं.

"पायी?" ती म्हणाली. "बाजारादिवशी यायचं न्हाई का. जीप येती की त्या दिवशी." आणि पुन्हा वाकली.

समरीननं माझ्याकडं पाहिलं. मी तुरीकडं पाहिलं.

"मावशी, तुमाला माहीत होतं."

"व्हय."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

सांगितलं होतं. तिच्याच कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवून सांगितलं होतं, की बाई, आपले लोक तारखेला येत नसतात, बाजाराला येतात. तेव्हा ती म्हणाली होती, मावशी, कॅलेंडर सगळ्यांना कळतं. आता सात किलोमीटरच्या रस्त्यावर ते कॅलेंडर तिला स्वतःलाच कळत होतं, म्हणून मी नुसतं चालत राहिले. उरलेले चार किलोमीटर मला फार हलके गेले.

ही समरीन म्हणजे जवळा बाजारच्या महेबूबभाई पिंजाऱ्याची लेक. महेबूबभाई गाद्या भरतात, रजया शिवतात. आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या त्यांच्याच हातच्या. लेक मराठी शाळेत शिकली, मग नांदेडला जाऊन कॉम्प्युटरचं शिकली, आणि तिथून पुण्याच्या एका कंपनीत लागली. ही कंपनी दातांच्या डॉक्टरांसाठी सॉफ्टवेअर करते. कोणत्या दाताला काय झालंय, त्याला काय करायचं, किती खेपा लागतील, पेशंटनं कधी यायचं, हे सगळं त्यात भरायचं. त्याच्या आतलं गणित दुसरी माणसं लिहितात. समरीन करते ते वरचं. पडद्यावर काय कुठं दिसावं, बोट कुठं पडावं, अक्षर केवढं असावं, रंग कोणता असावा. हे एका माणसाचं पूर्ण वेळेचं काम असतं हे मला पटायला बरेच दिवस लागले. महेबूबभाईंना अजून पटलेलं नाही. ते एकदा उशी घेऊन आले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, दिवसभर दाताला रंग लावून राहिली ती. दात तर पांढराच राहतो ना?"

दोन वर्षं पुण्यात काढल्यावर तिची अम्मी गेली. महेबूबभाई एकटे पडले. पुण्याला चला म्हटलं तर ते म्हणाले, तिथं लोक फोमवर झोपतात, मी तिथं काय करू. मग तीच घरी आली, आणि गाद्यांच्या खोलीत एका कोपऱ्यात टेबल टाकून तिथूनच काम करायला लागली. कंपनीनं वर्षभर चालवून घेतलं. त्यानंतर पुण्याच्या अनुश्री मॅडमनी तिला स्वच्छ सांगितलं, की घरी बसून शहरातल्या दवाखान्यांचं काम होत नाही. गावाकडच्या दवाखान्यांसाठी वेगळं करून दाखव. एका दवाखान्यात तीन महिने चालव. दहा पेशंट घे, ज्यांना एकापेक्षा जास्त खेपा लागतात असे. त्या दहातले सात जण दुसऱ्या खेपेला परत आले तर तू तिथंच राहा आणि तेच काम कर. नाही आले तर पुण्याला ये, नाहीतर दुसरीकडं बघ.

ऐकायला हे सोपं वाटतं. मी जवळा बाजारच्या श्रेयस डॉक्टरांच्या दवाखान्यात चौदा वर्षं काम करते. नळी धरायची, उजेड धरायचा, औषध कालवायचं, रडणाऱ्याला धीर द्यायचा. चौदा वर्षांत मी एकच गोष्ट पक्की शिकले. माणूस गाल धरून, डोळ्यांत पाणी आणून येतो. डॉक्टर दात उघडून आतली नस साफ करतात, वर कच्चं सिमेंट भरतात आणि सांगतात, अजून तीनदा यायचं. माणूस घरी जातो. दुखायचं थांबलेलं असतं. मग तो येत नाही. चार महिन्यांनी येतो तेव्हा सिमेंट निघालेलं असतं, दात फुटलेला असतो, आणि तो काढावा लागतो. दहातले तीन परत आले तर आम्ही बरं म्हणायचो. तिला सात पाहिजे होते.

श्रेयस डॉक्टर हो म्हणाले आणि ती दवाखान्यात येऊन बसायला लागली. आठ दिवस कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या स्टुलावर, मांडीवर वही. मला वाटलं होतं ती डॉक्टरांना बघेल. ती मला बघत होती. डॉक्टरांच्या हातात मोजे, ओले, ते पडद्याला हात लावू शकत नाहीत. ते नुसतं बोलतात, खालचा डावा सहावा, आणि भरायचं मला. माझ्या उजव्या हातात थुंकी ओढायची नळी. मग मी डाव्या हाताच्या एका बोटानं भरायची, आणि भरायच्या आधी माझ्या स्वतःच्या गालाला हात लावून बघायची की डावा कोणता. कारण पेशंट समोर असला की त्याचा डावा माझ्या उजवीकडं येतो, आणि पडद्यावरचे दात कोणाच्या बाजूनं काढलेत ते कळत नाही. हे मी करते हे मलाच माहीत नव्हतं. तिनं वहीत लिहिलं होतं, मावशी दर वेळी स्वतःचा गाल चाचपतात. मला रागच आला. पण आठवड्यानं तिनं नवा पडदा आणला तर त्यात दातांच्या रांगेच्या एका टोकाला खिडकीचं चित्र होतं आणि दुसऱ्या टोकाला दाराचं. आमच्या दवाखान्यात खुर्चीच्या एका बाजूला खिडकी आणि एका बाजूला दार आहे. मग गाल चाचपायचं कामच राहिलं नाही. आणि सगळी बटणं तिनं डावीकडं, खाली, मोठी करून ठेवली होती, माझ्या त्या एका बोटासाठी.

असं काही केलं की ती शहाणी वाटायची. आणि लगेच दुसऱ्या दिवशी दोन निळे रंग समोर धरून विचारायची, मावशी, यातला कोणता शांत वाटतो. मला दोन्ही एकच दिसायचे. तसं म्हटलं की तिचं तोंड एवढंसं व्हायचं. एक फिकट राखाडी रंग तिनं तीन दिवस निवडला. तीन दिवसांत मी घरचं सगळं तिखट कुटून घेतलं होतं.

वहीत तिनं आणखी एक लिहिलं होतं, ते मी चोरून वाचलं. 'सुई टोचायच्या वेळी मावशी पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून मनात काहीतरी म्हणतात. ओठ हलतात. पेशंट शांत होतो.' आणि त्याच्याखाली, 'हे स्क्रीनवर कसं आणायचं?' मी काय म्हणते ते तिनं नंतर दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही. औंढ्याचा नागनाथ आणि मी, आमच्या दोघांतलं ते आहे. दवाखान्यात गवगवा कशाला.

दहा पेशंट जमवताना नऊच जमले. दहाव्याची वाट बघत असताना एका दुपारी समरीन स्टुलावर बसल्या बसल्या गाल धरायला लागली. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, हा घे तुझा दहावा. खालचा उजवा सहावा. नस साफ करावी लागेल, चार खेपा.

पहिल्या खेपेला तिनं माझा हात असा धरला की माझ्या दोन बांगड्या फुटल्या. मशीनचा आवाज सुरू झाला की ती खुर्चीत वर वर सरकायची, शेवटी डोकं उशीच्या पलीकडं गेलं आणि डॉक्टरांना उभं राहून काम करावं लागलं. खेप झाल्यावर मी तिला म्हटलं, तुला तर सगळं पाठ आहे, कुठं काय करतात, किती वेळ लागतो. ती म्हणाली, "पाठ आहे म्हणून तर भीती वाटती." आणि दुसऱ्या खेपेची तारीख आली तेव्हा तिला पुण्याचा फोन होता. त्यानंतर घरात पाहुणे होते. त्यानंतर दात दुखायचाच थांबला होता.

दोन महिने झाले तेव्हा दहातले तीन परत आले होते. म्हणजे जेवढे नेहमी येतात तेवढेच. महिना राहिला होता, म्हणजे आमच्या हिशेबानं पाच बाजार. समरीननं ठरवलं की जे आले नाहीत त्यांच्यातल्या एकाच्या घरी जाऊन विचारायचंच, काहून आला नाहीत. तिनं गंगूताईचं नाव काढलं. मी म्हटलं, आणखी एक पेशंट जवळच राहतो, त्याच्या घरी आधी जाऊ, गाद्यांच्या दुकानात. तिनं चपला पायात सरकवल्या. तर अशी ती चपलेला पिन लावून माझ्यासोबत चालत होती.

गंगूताईच्या घरी पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. तिचे मालक सोनाजी ओसरीत दोरी वळत बसले होते. दवाखान्यातल्या बाई आल्या म्हणून त्यांनी सुनेला, पुजाला, हाक मारून पाणी आणायला लावलं. गंगूताई आतून हात पुसत आली. दोन्ही गाल सारखे, चेहरा हसरा. ती मिश्री लावते, तिचे दात काळे कुळकुळीत आहेत, आणि हसताना ती ते लपवत नाही. दाताचं कसं काय, म्हटलं, तर म्हणाली एकदम झकास, तुमच्या डॉक्टरला पुण्य लागंल.

"मग पुढच्या खेपेला आला न्हाईत?" समरीननं विचारलं.

गंगूताईला कळेना. "पुढची कोणती? झालं की समदं."

समरीन म्हणाली की चार खेपा होत्या, एकच झाली. गंगूताईनं सुनेकडं पाहिलं. पुजा आत गेली आणि देवघरातून एक कागद घेऊन आली. आमच्याच दवाखान्यातली चिठ्ठी, जी पेशंटला छापून देतो. तिला हळदकुंकू वाहिलेलं होतं, कारण मीच सांगितलं होतं, जपून ठेवा.

पुजानं बोट ठेवून वाचून दाखवलं. वर मोठं हिरवं बरोबरचं चिन्ह, आणि त्याच्यापुढं तेवढ्याच मोठ्या अक्षरात, 'भेट पूर्ण'. पोरांच्या निकालावर असतं तसंच. सगळ्या घरानं ते वाचलं होतं. सोनाजी म्हणाले, दवाखान्याचं पूर्ण झालं म्हणून आमी मारुतीला नारळ फोडला, आळीत गूळ वाटला.

पुढच्या भेटीची तारीख होती की त्यावर. चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात, लहान अक्षरात, त्या फिकट राखाडी रंगात.

मला हसू येत होतं, पण समरीनकडं बघून आवरलं. ती त्या चिठ्ठीकडं अशी बघत होती जसं कुणीतरी तिच्याच घरात तिची चोरी पकडली. तिनं ते हिरवं चिन्ह पेशंटला बरं वाटावं म्हणून टाकलं होतं. बरं वाटलंच होतं. इतकं वाटलं की नारळ फुटला.

पुजानं जेवायला बसवलं. भाकरी, ठेचा, तुरीच्या कच्च्या दाण्यांची आमटी. समरीन देवघराच्या दारासमोर बसली होती आणि तिचं जेवणाकडं लक्ष नव्हतं. देवघराशेजारच्या भिंतीवर चुन्यानं काढलेले गोल होते, एका रांगेत सोळा. चौदा भरलेले, दोन रिकामे. तिनं विचारलं हे काय. गंगूताई म्हणाली, सोळा सोमवार धरलेत. मधी सुतक आलं म्हणून तीन सोमवार चुकले, न्हाईतर झाले असते.

"पण रिकामे गोल आधीच काढून ठेवलेत?"

"मग? राहिलेलं दिसलं पाहिजे न्हाई का. झालेलं पाहून काय करायचं, ते तर झालं."

समरीनचा घास हातातच राहिला. मी मनात म्हटलं, आता हिला वही पाहिजे. पण तिनं वही काढली नाही. ती म्हणाली, "आमच्यात बी रमजानमदी तसंच. शेवटी शेवटी कुणी विचारत न्हाई रोजे किती झाले. किती राहिले तेच विचारतात."

गंगूताईनं मान हलवली आणि तिच्याकडं जरा निरखून पाहिलं. "पोरी, तू एकाच बाजूनं चावून राहिली."

समरीननं माझ्याकडं पाहिलं. या वेळी मी आमटीकडं पाहिलं नाही, सांगून टाकलं. म्हटलं, हिचाही तोच दात, तोच डॉक्टर, त्याच चार खेपा.

"मग तुझे किती गोल भरले?"

"एक."

"अन् दुसऱ्याला काहून गेली न्हाईस?"

हाच प्रश्न विचारायला आम्ही सात किलोमीटर चालत आलो होतो. समरीन म्हणाली, काम होतं. गंगूताई म्हणाली, मला बी होतं. मग दोघी जेवल्या.

निघताना गंगूताई म्हणाली की येत्या बाजाराला जीप आली की मी येते, तू बी खुर्चीत बस. समरीन व्हय म्हणाली. सोनाजींनी शेजाऱ्याची मोटरसायकल बोलावून आम्हा दोघींना फाट्यापर्यंत सोडवलं. सात किलोमीटर ती माझ्या पाठीला चिकटून बसली होती. फाट्यावर उतरल्यावर म्हणाली, "मावशी, बाजाराचं तुमी बराबर सांगत होता." मी म्हटलं, ते चपलेनंच सांगितलं.

त्यानंतर चार दिवस ती दवाखान्यात आली नाही. महेबूबभाई सांगत होते, पोरगी जेवणाच्या ताटात बोटानं गोल काढून राहिली. पाचव्या दिवशी नवी चिठ्ठी आली. हिरवं चिन्ह नव्हतं, 'भेट पूर्ण' नव्हतं, राखाडी तर कुठंच नव्हता. कागदभर चार मोठे गोल. झालेला गोल लहान आणि साधा, आणि राहिलेले तीन मोठे, रिकामे, कुंकवाच्या रंगाच्या काठाचे. नजर जायची ती रिकाम्यावरच जायची. तारखेच्या जागी, 'दोन बाजार सोडून तिसऱ्या बाजारी'. पेशंट आला की पडद्यावर पहिला प्रश्न यायचा, तुमचा बाजार कोणता. आखाडा बाळापूरकडच्या माणसाला त्याचा बाजार, सेनगावकडच्याला त्याचा. ज्या दिवशी त्याच्या गावाहून जीप निघते त्या दिवशी त्याची खेप. आमच्या गावाचा बाजार त्याचा नसला तर पडदा विचारायचा, मग गाडी कधी असते.

पुण्याला हे पटवताना तिला घाम फुटला. ती फोनवर बोलत होती तेव्हा मी औषधं लावत होते, म्हणून ऐकलं. मॅडमचं म्हणणं, सगळीकडं बरोबरचं चिन्हच असतं, लोकांना त्याची सवय असते. समरीन म्हणाली, सवय आहे म्हणून तर नारळ फुटला. मॅडमना नारळाचं काही कळेना, मग तिनं पहिल्यापासून सांगितलं, चपलेसकट. शेवटी मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, पण सातचा आकडा तोच आणि दिवसही तोच.

राहिलेल्यांना आम्ही नव्या चिठ्ठ्या जीपवाल्यांच्या, दूधवाल्यांच्या हाती घरोघर पाठवल्या. पहिल्याच बाजाराला गंगूताई आली, हातात चिठ्ठी, कागदाला आत्तापासूनच हळदकुंकू. दुसरी खेप करून घेतली आणि विचारलं, ती पोरगी कुठंय. पोरगी त्या दिवशी परभणीला गेली होती, म्हणे चार्जर आणायला. गंगूताई म्हणाली, चार्जर जवळ्यात बी मिळतो की.

दुसऱ्या बाजाराला एक जण आला, चौथ्याला एक. सहा झाले. बाकीच्यांतली एक म्हातारी लेकीकडं गेली होती, एक ऊसतोडीला गेला होता, आणि एकानं निरोप पाठवला की मला दातच नको. उरला दहावा पेशंट. तो रोज दवाखान्यात यायचा, स्टुलावर बसायचा, दुसऱ्यांच्या चिठ्ठ्यांवरचे गोल भरताना बघायचा आणि संध्याकाळी घरी जायचा.

मी तिला एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिनं ऐकलं नसतं, आणि मलाही तिची मजा बघायची होती, खोटं कशाला बोलू. पण शेवटच्या बाजाराच्या आदल्या दिवशी महेबूबभाई दवाखान्यात आले. दाढीला कापूस चिकटलेला. त्यांना दाताचं काही माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की उद्या पुण्याला आकडा सांगायचा आणि एक कमी आहे. त्यांनी मला विचारलं, बाई, कुणाला हातापाया पडून आणायचं असलं तर सांगा, मी जातो, सेनगावला असंल तर सेनगावला. मी म्हटलं, इतकं लांब जायला नको. त्याहून जास्त मी बोलले नाही. पण घरी गेल्यावर देवापुढं दिवा लावताना मला त्या माणसाच्या दाढीतला कापूसच दिसत राहिला, आणि मजा बघायची माझी हौस फिटली.

शेवटच्या बाजारादिवशी दवाखाना गच्च भरला होता. गंगूताई तिसऱ्या खेपेला आली होती. तिचं काम झालं, तिनं आपल्या हातानं गोल भरून घेतला, आणि बाहेर जायच्याऐवजी समरीनच्या स्टुलासमोर उभी राहिली. पिशवीतून दुसरी चिठ्ठी काढली. ती तिनं माझ्याकडून मागून घेतली होती, समरीनच्या नावाची. एक गोल भरलेला, तीन रिकामे. तिनं ती तिच्या वहीवर ठेवली.

"राहिलेलं दिसून राहिलं का?"

समरीन म्हणाली, दिसतंय. इतके दिवस ती ते गोल काढत होती, त्यांची जाडी मोजत होती, पण आपल्या नावाचे तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिले असावेत. तिनं वही मिटली, स्टूल भिंतीला लावलं आणि खुर्चीत जाऊन बसली. डॉक्टरांनी मोजे बदलले. गंगूताई दारात उभीच राहिली, म्हणाली, जीप थांबंल, मी सांगितलंय.

मी नळी घेतली, उजेड तिच्या तोंडावर ओढला. खालचा उजवा सहावा, दाराच्या बाजूचा. बांगड्या मी सकाळीच काढून ठेवल्या होत्या, ते बघून ती हसली, आणि हसू लगेच गेलं. डॉक्टरांनी सुई भरली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं डोळे मिटलेले ठेवूनच माझा पदर धरला आणि म्हणाली,

"मावशी, सुईच्या वेळी तुमी मनातल्या मनात म्हणता ना काहीतरी. ते आज जरा मोठ्यानं म्हणा. मला मशीन ऐकू यायला नको."